रुमालाखालची वर्षं

७ जानेवारी १९६५, गुरुवार. अमरावती
मुंबईच्या तेलकंपनीचं पत्र आलं. निवड झाली! एम.एस्सी.ची परीक्षा आटोपली की जूनपासून त्यांच्या कॉम्प्युटरवर नोकरी. महिनाअखेर उत्तर द्या म्हणतात. खोलीतल्या शैलानं होस्टेलभर बोंब ठोकली, आनंद माझ्यापेक्षा तिलाच जास्त. मुलाखतीच्या दिवशी काचेतून पाहिलेलं ते यंत्र डोळ्यांपुढून हलत नाही. कपाटंच कपाटं, आणि आत थंडगार हवा.

८ जाने., शुक्र.
एम.एस्सी.च्या सरांना सांगितलं. चेहरा पडला. "पीएच.डी.ला माझ्याकडे राहा म्हणत होतो ना? यंत्रं बदलतील, विषय तुझ्याजवळ राहील." पटलं. पण मुलाखतीतले साहेब म्हणाले होते, "डॉक्टरेट करून आलात तरी बसायचं याच खुर्चीवर." तेही पटलं होतं. माझं हे असंच, शेवटी बोलेल तो खरा.
शैला: "इतका इचार कायले करतं वं? तुये बाबा कुठं हो म्हनतात!" खरंय, घरी लग्नाचंच चाललंय. ऐकून जरा सुटल्यासारखं वाटलं. हे वाईट.

१४ जाने., संक्रांत. अकोला
मामा आलेत. जेवतानाच सुरू: "भाऊजी, एम.एस्सी. झाली का पोरीले उजवून टाका. जास्त शिकली त नवरा कुठून आनसान?" बाबा नुसतं "पाहू". कापूस बाजारातले दलाल, तोंडानं भाव सांगायचा नाही.
मग ओसरीवर बसले, मांडीवर रुमाल पसरला, मला खुणावलं. लहानपणी गोळ्या-बिस्किटांसाठी आमचा सौदा असाच व्हायचा, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून; जितकी बोटं तितका भाव. बाजारात आता उघड लिलाव सुरू झाला, बाबांची सवय जात नाही. मामा शेजारीच पान जमवत होते.
बाबांनी माझी दोन बोटं धरली. "वर्सं," एवढंच पुटपुटले. म्हणजे दोन वर्षं लग्नाचं नाव नाही! नोकरी करून पाहायला पुरे, पीएच.डी.ला नाही. मी त्यांची चार धरली. त्यांनी तीन. मी पुन्हा चार.
मामा: "काय चालू हाय बापलेकीचं?"
बाबा: "सरकीचा भाव."
आणि माझी पाचही बोटं मुठीत घेतली. सोडेचनात. मला रडू आलं. मामा म्हणाले, "तंबाखूचा वास लागला वाट्टे पोरीले."

१५ जाने., शुक्र.
स्टेशनवर विचारलं, "बाबा, मंग नोकरी करू का पीएच.डी.?"
"म्या भाव करून देल्ला, बाई. गाडी कोनीकडं हाकाची ते तुयं तू पाय."
बडनेरा येईपर्यंत मुंबई पक्की होती. तिथे अमरावतीची गाडी धरली आणि सरांचा चेहरा आठवला. मग कळलं, इतके दिवस बाबांच्या 'नाही'च्या भरवशावर मी किती निवांत होते! आता चुकलं तर बोल लावायला कुणीच नाही. भीती वाटते. हसूही येतं.

२७ जाने., बुध.
उत्तर उद्या टपालात पडायलाच हवं. कॉटवर मांडीवर रुमाल टाकून एकटीच बसले. डावा हात सरांचा, उजवा मुंबईचा.
शैला: "काय करून राहिली वं?"
"भाव पाडून राहिली."
दोन्हीकडून पाच. दोन्ही हात माझेच, एकही कमी करायला तयार नाही. शैला म्हणते, दिवा मालव. थांब म्हटलं, सौदा चालू आहे.