खुलाशाच्या आधी आलेलं पत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, मंत्र्यांच्या कार्यालयात प्रसिद्धी अधिकारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. एकतीस वर्षांच्या नोकरीत दडपणाशिवाय लिहिलेला माझा हा पहिलाच मजकूर, त्यामुळे हात जरा अडखळतो आहे. सांभाळून घ्यावे.

१. राहता फ्लॅट नवऱ्याच्या नावे करावा. माझा फोन वाजला की बिचाऱ्याने जन्मभर टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्या पश्चात त्याने तो हवा तेवढा मोठा करावा, शेजाऱ्यांनी कुरकुर केली तरी.

२. बाकी जे काही शिल्लक असेल ते आणि घरचे लिहायचे टेबल लेकीला. ती बारा वर्षांची असताना सहलीला जाऊ का म्हणून मागे लागली होती. मी म्हणाले, "यासंदर्भात योग्य वेळी योग्य तो निर्णय घेतला जाईल." ती म्हणाली, "आई, हे तू बोलतेयस की तुझे साहेब?" तेव्हा मी हसण्यावारी नेले. बाळा, साहेबच बोलत होते.

३. माझ्या निधनाचे पत्रक कार्यालयाने काढू नये. "कधीही भरून न येणारी पोकळी" मी स्वतः शे-दीडशे मयतांना वाटली आहे, आणि त्यातल्या निम्म्यांची नावे मला पत्रक लिहितानाच कळली. माझ्या हाताखालचा तो पोपट, त्याने तर माझ्याविषयी चार ओळीसुद्धा लिहू नयेत. माझी दोन भाषणे त्याने स्वतःच्या नावावर खपवली. त्याला मी माफ केलेले नाही आणि करण्याचा विचारही नाही.

४. कार्यालयाचा फोन कार्यालयाला परत करावा. पाच मंत्री आले आणि गेले. टेबल, खुर्ची आणि मी, अशा तिन्ही वस्तू दर वेळी पुढच्याच्या ताब्यात गेल्या.

५. सोबतचे तपकिरी पाकीट माझ्या थोरल्या भावाला, दादाला, द्यावे. आत एकच पत्र आहे. ते त्याचेच आहे, आणि ते माझ्याकडे कसे, हे लिहिणे भाग आहे.

सोळा वर्षांपूर्वी एका सरकारी दवाखान्याच्या दारावरचे छत कोसळले. एक बाई गेली, अकरा जण जखमी झाले. आमच्या कक्षाची रीतच अशी, की खुलासा आधी लिहायचा आणि माहिती मागाहून मागवायची, नाहीतर बातमी पुढे निघून जाते. दहा मिनिटांत मी लिहिले, "छत धोकादायक असल्याची कोणतीही लेखी सूचना या कार्यालयास प्राप्त झालेली नाही." साहेबांच्या सहीने ते सगळीकडे गेले. मग मी तुंबलेले टपाल उपसायला बसले, आणि त्यात दादाचे पत्र निघाले. दादा त्या इमारतीचा अभियंता. "छताला तडे गेले आहेत, दार आजच बंद करावे." वर नऊ दिवसांपूर्वीचा आवक शिक्का. टपाल कारकून रजेवर होता. गठ्ठ्यावर शिक्के मीच मारले होते, एकही पत्र न वाचता.

दादाने मला पत्राविषयी सांगितलेही नव्हते. बहिणीच्या वशिल्याने काम करून घेतले असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याने ते साध्या टपालाने पाठवले. पोचपावती नाही. असा हा सरळ माणूस.

मी पत्र घेऊन तेव्हाच्या साहेबांकडे धावले. ते तिसरे साहेब. त्यांनी वाचले, चष्मा पुसला.

"मॅडम, खुलाशाचा खुलासा करतं का कुणी? आणि हे पडून कुठं होतं? तुमच्याच टेबलावर ना? भावाचं मी बघतो, हलक्यात सोडवतो. तुम्ही फक्त इथंच राहा."

हलक्यात म्हणजे त्याला दोन पायऱ्या खाली उतरवले. वेळेत कळवले नाही, असा ठपका ठेवून. पाठीमागे लोक त्याला "छतवाले" म्हणत, आणि त्याला ते ऐकू येत असे. मी दोनदा राजीनामा लिहिला, दोनदा फाडला. पत्र कार्यालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात होते; आपण उठलो की पुढचा बसणारा तो खण उघडेल, ही धास्ती. पत्र जाळायला हात धजला नाही आणि कालपर्यंत घरी न्यायची छाती झाली नाही. सोळा वर्षे मी त्या खणाची राखण करत बसले आहे, पगार घेऊन.

दादा महिन्यातून एकदा जेवायला येतो. दर वेळी म्हणतो, "तुझ्या हाती पडलं असतं ना, तर तू नक्की पोचवलं असतंस." मी त्याला वाढते. लाज वाटते हो, फार लाज वाटते. येत्या तेवीस तारखेला त्या ठपक्याविरुद्धच्या त्याच्या अपिलाची शेवटची सुनावणी आहे.

६. मी शुद्धीत असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला, तो सोबत जोडला आहे. त्यांनी हे सगळे वाचले, माझा रक्तदाब घेतला, छाती तपासली.

"ठणठणीत आहात. अजून पंचवीस वर्षं काही होत नाही तुम्हाला. दादांचं वय काय?"

"एकोणसत्तर."

त्यांनी दाखल्यावर सही केली. "मग हे पत्र त्यांना मिळणार कधी?"

साक्षीला आलेल्या शेजारच्या बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, त्या कोणाची भीड ठेवत नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, मेल्यावर कसली हिंमत दाखवतेस?"

पुरवणी, त्याच दिवशी सायंकाळी :

कलम पाच रद्द समजावे. सदर पाकीट आता माझ्या ताब्यात नाही.

ते मी दादाच्या घरी नेऊन दिले. त्याने दारातच उभ्याउभ्या पत्र वाचले. शिक्का पाहिला, तारीख बोटाने चाचपली.

"हा शिक्का कुणी मारला?"

"मी."

त्याने पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि दार लावून घेतले. आतून वहिनीने विचारले, "कोण आलं होतं हो?"

"कोणी नाही," दादा म्हणाला.

बाकीची कलमे कायम.

लिहून ठेवणार : (सही)
साक्षीदार : १. कुटुंबाचे डॉक्टर (सही)
२. शेजारीण, निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
ठिकाण : राहते घर
तारीख : चौदा