‘मी येतो’ असं तू म्हणायचीस

आई,

परवा रविवारी तुला लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडकलो. ‘बसले’ लिहिलं, खोडलं. ‘बसलो’ लिहिलं, तेही खोडलं. मारुती मंदिराजवळच्या एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही काही जण रविवारी जमतो. सगळे माझ्यासारखे, म्हणजे जन्मल्याबरोबर मुलगा किंवा मुलगी म्हणून जे ठरलं त्यात न मावलेले. एक समुपदेशक ताई येतात. त्या म्हणतात, जे कुणाला सांगता आलं नाही ते लिहा, शुद्धलेखन बघू नका, खोडू नका, दाखवायचं नसेल तर दाखवू नका. लिहिलं की मनाला बरं वाटतं, म्हणे. लांज्याहून एसटीनं येणारी एकजण खाली मान घालून पानंच्या पानं लिहिते आणि जाताना खरंच मोकळी दिसते. मी ताईंना म्हटलं, मला खोडावंच लागतंय. त्या म्हणाल्या, “मग घरी लिहा. सावकाश.”

म्हणून घरी लिहितो आहे. ‘लिहितो’च ठेवलं आहे. तुझ्या माहेरी, घाटावर, बायकाही असंच बोलतात, त्यामुळे तुला खटकायचं नाही. पण हे मी तुझ्या आडोशाला लपतोय की ते खरोखरच माझं आहे, हे मला सांगता येत नाही. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तू कोल्हापूरकडची. लग्न करून इथं आलीस तेव्हा बाबा ट्रॉलरचं इंजिन सांभाळायचे आणि घरात रोज मासळी. मला दिसतं ते असं, की तू मोरीशी बसली आहेस, नाकाला पदर लावून बांगडे साफ करते आहेस, आणि आत्या दारात बसून तुला कल्ले कसे काढायचे ते शिकवते आहे. शेजारी जायला निघालीस की तू म्हणायचीस, “मी येतो गं जाऊन.” आत्याला हसू आवरायचं नाही. “वैनी, तू काय बाप्या हायस गो?” तूही हसायचीस. पुढं पुढं बाहेरच्या लोकांत तू इथल्या बायकांसारखं ‘येत्ये’, ‘जात्ये’ म्हणायला लागलीस, पण ते दुसऱ्याच्या चपला पायात घातल्यासारखं वाटायचं. घरात मात्र तुझं तेच राहिलं. मी येतो, मी करतो, मी दमलो.

मी तुझंच ऐकून बोलायला शिकलो. लहान होतो तोवर मुलीच्या तोंडी ‘येतो’ ऐकून सगळ्यांना गंमत वाटायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, आईचं वळण आहे, जाईल हळूहळू. मला मात्र ते शब्द तोंडात आले की उगाचच बरं वाटायचं. का, ते कळत नव्हतं. तुझ्यासारखं बोलतो म्हणून बरं वाटायचं, की दुसऱ्याच कशासाठी? अजूनही मी हे दोन वेगळे करू शकलेलो नाही.

मग आत्याच्या मुलीच्या साखरपुड्याचा दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं. कुणीतरी मला परकर-पोलकं दाखवलं आणि मी म्हणालो, “मी नाही घालत. मी असाच येतो.” सगळे हसले. तू हसली नाहीस. माझं मनगट धरून तू मला स्वयंपाकघरात नेलंस आणि दार लोटून घेतलंस. ‘येतो’ तुझं होतं, पण ‘असाच’ तुझं नव्हतं. तू स्वतः ‘अशीच येतो’ म्हणायचीस. तो एक शब्द मी कुठून आणला ते तुला कळेना, आणि तेवढ्यावरून तुला काहीतरी कळलंही असावं. तू म्हणालीस, “मी बोलतो ते माझ्या माहेरचं हाय. तू बोलतीस ते कुठलं?”

तू माझ्या तोंडाकडं बघत थांबलीस. बाहेरून हाका येत होत्या तरी थांबलीस. मग दार उघडून गेलीस. मी ते पोलकं घातलं आणि त्या दिवसापासून ‘जाते’, ‘येते’ म्हणायला लागलो, तुझ्यासमोरसुद्धा. इतकी वर्षं मी त्या प्रसंगाला आईचं रागावणं म्हणत आलो. आता लिहिताना वाटतं, रागावलेली आई उत्तराची वाट बघते का? तू खरंच विचारत होतीस का?

हे वाटायचं कारण तो शर्ट. कॉलेज सुरू व्हायच्या आधी आपण बाजारात गेलो होतो, मला ड्रेसचं कापड घ्यायला. कापड घेऊन झालं आणि तू सरळ पुरुषांच्या कपड्यांकडं वळलीस. बारीक निळ्या चौकडीचा एक शर्ट उचलून दुकानदाराला म्हणालीस, “भावाच्या पोराला पाहिजे. हिच्याएवढाच हाय तो,” आणि मला पाठमोरं उभं करून माझ्या खांद्यांना तो लावून बघितलास. मामाला तर तिन्ही मुलीच. घरी आल्यावर तो शर्ट तू माझ्या कपड्यांत ठेवलास आणि म्हणालीस, “घरात काम करताना घाल. ड्रेस खराब होत्यात.” पुन्हा त्याबद्दल एक शब्द नाही. मी तो घालून आरशासमोर उभा राहायचो, आणि तू आलीस की केर काढायला घ्यायचो. तू तो जाणूनबुजून घेतलास की खरंच ड्रेस खराब होऊ नयेत म्हणून? बाईमाणूस घरकामाला जुना शर्ट घालतेच. पण जुना घालते, नवा कोण आणून देतं?

कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू असताना तू गेलीस. त्यानंतर जे झालं ते तुला थोडक्यात सांगतो. मी चष्म्याच्या दुकानात लागलो, अजून तिथंच आहे. केस कापले. गिऱ्हाईकं मला कधी दादा म्हणतात, कधी ताई, आणि मी दोन्हीला ओ देतो. दोन्हींपैकी एक खोटं आहे असं मला वाटत नाही. एक पूर्ण खरं आहे असंही वाटत नाही. गटातल्या काहींना स्वतःबद्दल अगदी स्वच्छ माहीत असतं, लहानपणापासून. मला त्यांचा हेवा वाटतो.

गेल्या महिन्यात बाबांना सांगितलं. इंजिनाशेजारी आयुष्य गेल्यानं त्यांचे कान आता जवळजवळ बंद झालेत. कानाचं मशीन लावून घेत नाहीत. इतकी वर्षं जी गोष्ट हळू आवाजात सांगायची म्हणून मनात घोळवली ती ओरडून सांगावी लागणार, म्हणून त्यांना स्कूटरवर बसवून आरे-वारेच्या किनाऱ्याकडं नेलं. वरच्या वळणावर गाडी लावली, जिथं वाऱ्यापुढं दुसऱ्या कुणाला काही ऐकू आलं नसतं. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, की मी बाई नाही.

बाबा म्हणाले, “मग बाप्या?”

“तेही नक्की सांगता येत नाही.”

“डॉक्टरकडं जायचंय काय?”

“ते अजून ठरवलं नाही, बाबा.”

“मग मी काय म्हणू तुला? पोरगा का पोरगी?”

“तेही ठरत नाहीये.”

ते समुद्राकडं बघत राहिले. रागावलेले नव्हते. एखादं इंजिन का बंद पडलं ते ऐकावं तसा चेहरा होता. मग म्हणाले, “ठरलंय काय मग?”

मला हसू आलं आणि रडूही. “आजवर जे म्हणत होतात ते नाही, एवढंच ठरलंय.”

माझ्याकडं वळून ते म्हणाले, “तुझी आय बोलली होती मला. तुझ्याबद्दल. दवाखान्यात होती तेव्हा.”

“काय बोलली?”

“नीट ऐकायला नाय आलं. शेवटी शेवटी ती हळू बोलायची, आणि माझे कान तेव्हाच गेलेले. मी आपला हूं हूं करत राहिलो.”

“एखादा तरी शब्द?”

ते आठवायला लागले. “करू देऊ नका म्हणाली. नायतर करू द्या म्हणाली असंल. ‘करू’ होतं त्यात.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बाळा, मला यातलं काय कळत नाय. ती असती तर तिलाच विचारलं असतं.”

तेव्हापासून मी त्या अर्ध्या वाक्यात फिरतो आहे. तुझं स्वयंपाकघरातलं विचारणं आठवलं की वाटतं, करू देऊ नका म्हणाली असशील. शर्ट आठवला की वाटतं, करू द्या. कधी वाटतं, विषय माझ्या लग्नाचा असेल, नाहीतर पुढच्या शिकण्याचा, आणि याच्याशी त्याचा काही संबंधच नसेल. ताई म्हणाल्या होत्या, लिहीत गेलं की उलगडत जातं. माझं तसं झालेलं नाही. तुला मी जास्त ओळखायला लागलो की कमी, तेही कळत नाही. हे कागद मी गटात नेणार नाही. बाबांनाही दाखवणार नाही. आणि तुझ्यापर्यंत पोचवायची सोय नाही.

एक गोष्ट राहिली. काल जेवताना बाबांचा हात घासाशी थांबला. माझ्याकडं बघून म्हणाले, “थांब. तुझी आय त्या दिवशी काय म्हणाली...” मी उठलो आणि पाणी आणायला आत गेलो. तिथं उगाच उभा राहिलो. परत आलो तोवर ते विसरून गेले होते, आमटीत भात कालवत होते. पाण्याचा तांब्या त्यांच्या शेजारीच होता, भरलेला.