दोन वाट्या शीरखुर्मा

प्रिय आबेदा,

हडपसरला बहिणीकडचा ईदचा पाहुणचार अजून संपलेला दिसत नाही. मजेत आहेस ना? फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकला असता तर हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला असता, एवढी मी स्वतःला ओळखते.

इथे सोसायटीत मुलं आजारी आहेत. उलट्या, जुलाब. माझ्या नातवाला सलाईन लावावं लागलं, आता बरा आहे. त्यावरून परवा कमिटीची बैठक झाली. तू कमिटीत असूनही तुला निरोप दिला नाही. खरं सांगायचं तर दिवाळीपासून देतच नाही, आणि ती कल्पना माझी. तू प्रत्येक गोष्टीला 'कशावरून?' विचारायचीस आणि चहा दुसऱ्यांदा टाकावा लागायचा. आता उरलेले आम्ही सगळे शनिवार पेठेतून कोथरूडला आलेले, एकाच शाळेतले, सकाळी एकत्र फिरणारे. एकाने वाक्य सुरू केलं की दुसरा पुरं करतो. बैठक कशी झटपट आटोपते.

परवाही आटोपली. हेमा म्हणाली, तू घरोघर पाठवलेल्या शीरखुर्म्याचं दूध नासलं असणार. लगेच श्रीधररावांना वास आठवला. माधवरावांच्या पोटात त्या दिवशी गुडगुडलं होतं म्हणे. पाण्याची टाकी धुऊन घ्या, असं तू कितीदा सांगितलं होतंस, ते मात्र कोणालाच आठवलं नाही. 'इतकं एकमत साखरपुड्यातसुद्धा नसतं,' माधवराव म्हणाले आणि आम्ही हसलो. तुझ्या घरचे पदार्थ सोसायटीत वाटू नयेत, अशी सूचना लावायचं ठरलं.

आबेदा, मला फार लाज वाटते आहे. माझा नातू शेवयांना हात लावत नाही. तुझ्या दोन्ही वाट्या मी एकटीने संपवल्या आणि मला काहीही झालं नाही. एवढंच बोलायचं होतं. पण सगळे इतक्या खात्रीने बोलत होते की मीही हात वर केला. सूचना लिहिलीसुद्धा मीच. ती लिफ्टशेजारच्या फळ्यावर आहे. काढायला गेले, तर कोणीतरी वाचत उभं होतं, आणि मी तशीच जिना चढून परत आले. पुढच्या बैठकीतही मला तोंड उघडता येईल असं वाटत नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे. शनिवारी आलीस की हे पत्र त्या सूचनेशेजारी लाव. माझं अक्षर सगळे ओळखतात.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
उल्का