काळ्या बिअरची राखण

२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी अजून इथेच टिकलोय, हे वाचून घेरी येत असेल तर बसून वाच. गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, पण हा बिअरचा कारखाना सोडवत नाही. तू म्हणे लोकांना ‘कारखान्यात आहे’ एवढंच सांगतेस. सांग बापडी.

दिवसभर टाक्या धुतो. हातांची सालं निघालीत, पण जिभेला मात्र वळण लागलं. लावलं ते वस्तादाने. हा इथला मुख्य बिअर बनवणारा, बोलतो कमी आणि थुंकतो जास्त. त्याने आधी गव्हाची चाखवली, गढूळ दिसते आणि पिकल्या केळ्याचा वास येतो. मग हॉप्सची. हॉप्स म्हणजे वेलीची कडू फुलं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, तिसऱ्याला ग्लास सोडवेना. शेवटी करपवलेल्या जवाची काळी दिली. तेव्हाच ठरवलं, करीन तर ही.

इथली रीत अशी, की धुणाऱ्याला एकदाच एक छोटी टाकी मिळते. बिअर त्याने करायची, राखणही त्यानेच करायची, दुसरा कोणी हात लावत नाही. जमली तर तो बनवणाऱ्यांत बसतो, नाहीतर ब्रश घासत म्हातारा होतो. महिनाअखेर माझी पाळी आहे.

बाबांना कळू देऊ नकोस, बाजारभर पुकारतील. लिलावात भाव पुकारणं हेच त्यांचं काम म्हणा. पण भर लिलावात मला ओट्यावर उभं करून, हा नग कोणी फुकट तरी नेतंय का, अशी बोली लावली होती त्यांनी. सगळा बाजार हसला होता. त्यानंतर मी घरात थांबलो नाही, ते तू पाहिलंसच.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझाच,
भिंगरी


२४ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसवलंस, बरं वाटलं. आता जरा नीट वाच.

बाबांचा आवाज कधीचा बसलाय. जन्मभर भाव पुकारून घसा खरवडला असेल, असं आपण धरून चाललो. घशात गाठ निघाली. दहा जुलैला ऑपरेशन आहे, स्वरयंत्रच काढणार. जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल.

त्यांना तुझ्याशी बोलायचंय. फोन लावून देते म्हटलं तर नको म्हणाले, समोर बसवून बोलायचंय. काय ते मला सांगत नाहीत. हल्ली कोणाशीच बोलत नाहीत. तुझे भावजी थट्टेने म्हणतात, सासऱ्यांनी शिल्लक आवाज मेव्हण्यासाठी राखून ठेवलाय. मला ती थट्टा वाटत नाही.

दहाच्या आत ये. वाट बघते.
तुझी ताई


१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या खेपेलाही बाबांच्या छातीत दुखतं म्हणून बोलावलंस. धापा टाकत आलो तर बाबा मजेत दाढी करत होते, आणि मला इस्त्रीचा शर्ट चढवून मुलगी बघायला नेलंत. लांडगा आला म्हणून किती वेळा धावायचं माणसाने?

कालच टाकी भरली. भरडलेले जव गरम पाण्यात भिजवले, गोड पाणी गाळलं, हॉप्स घालून उकळलं, गार करून यीस्ट सोडलं. आज आतून बुडबुड ऐकू येते. मी कान लावून बसलो तर सगळे हसले, बाळंतिणीचा नवरा म्हणाले. आता रोज चव बघायची, गारवा सांभाळायचा. टाकी तापली की माल बिघडला. वस्तादाला विचारून पाहिलं. खुशाल जा म्हणाला, तुझा माल मोरीत सोडतो.

बाबांचा आवाज भिंत पाडणारा, तो गाठीने कसला जातोय. महिनाअखेर येतो. तेव्हा पुकारू देत काय पुकारायचं ते.

राग धर, पण माया सोडू नकोस.
भिंगरी


१४ जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मागच्या वेळी मी खोटं बोलले, ते कबूल. या वेळी खरं होतं.

ऑपरेशन झालं. त्या सकाळी बाबा चपला घालून दाराशी बसले होते. रिक्षा येऊन उभी राहिली तरी उठेनात, रस्त्याकडे बघत होते. भावजी म्हणाले, मोबाइलवर भरून ठेवा दोन शब्द. बाबांनी त्यांचा हात बाजूला सारला. म्हणाले, “त्याला ऐकायचं असतं तर तो आला असता.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढंच शेवटचं.

ये किंवा नको येऊस. धावत यावं असं आता काही उरलं नाही.

ताई


५ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न.

बिअर जमली. वस्तादाने ग्लास संपवला आणि थुंकला नाही. मी बनवणाऱ्यांत बसलो. सगळ्यांनी पाठ थोपटली, दुसऱ्या टाकीचं विचारतात. मला मात्र तिचा दुसरा घोट घेववला नाही.

मी ताईवर ढकललं, पण तिचं पत्र खरं आहे हे वाचतानाच कळलं होतं. यायचंच नव्हतं मला. तुम्ही ताटकळावं असं वाटत होतं.

तुम्हाला काय बोलायचं होतं? शिवी असली तरी चालेल. लिहून कळवा.

आशीर्वाद मागायला तोंड नाही.
तुमचा मुलगा


२१ ऑगस्ट

चि. पोरा,
आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

मी बोलून पोट भरलेला माणूस, लिहायची सवय नाही. तरी तू विचारलंस म्हणून बसलो. एका ओळीत संपलं. वाचून पाहिलं, तर कोणीही कोणालाही लिहील असं निघालं. जे सांगायचं होतं ते आवाजात होतं. कागदावर काहीच उतरेना. फाडून टाकला.

दार लोटू देत नाही मी, तुझ्यासाठी उघडंच असतं. येशील तेव्हा तूच बोल. मी ऐकेन. दुसरं आता करणार काय?

तुझा बाप