मोर्शीच्या पुढे न जाणारं विमान

अमरावती
४ जून २०२५

ती. सूर्यभानमामांस,
प्रणालीचा सप्रेम जयभीम वि. वि.

गिरणीच्या बॉयलरवर तीस वर्षं काढून तुमचे कान गेले आणि फोनवर तुम्ही नुसतं हॅलो हॅलो ओरडता, म्हणून हे पत्र. सोबत माझ्या कादंबरीची पाच प्रकरणं आहेत. तिच्यातल्या वऱ्हाडात वीज आलेलीच नाही, सगळं वाफेवर चालतं. शेंदूरजनाघाटची संत्री वाफेच्या विमानानं कलकत्त्याला जातात.

माझ्या लायब्ररीतला धर्मेंद्र म्हणतो की कल्पनाच आहे, काहीही चालतं. मला नाही पटत. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, हे उडू शकलं असतं. वाफ ओळखणारं आपल्या घरात तुमच्याशिवाय कोण आहे? आईचा निरोप, चष्मा लावून वाचा.

लोभ आहेच, सोबत थोडा राग आला तरी चालेल.
तुमची भाची,
प्रणाली

अकोला
१५ जून २०२५

चि. प्रणालीले जयभीम अन् आशीर्वाद.

तुह्यं विमान शेंदूरजनाघाटहून निघून जवळच्या मोर्शीच्या पुढं जात नाई. एवढी वाफ हवेत सोडून राहिली, मंग नवं पाणी कुठून आणशील? वापरलेली वाफ लांब नळ्यांतून फिरव. वर हवा थंड असते, तिथं तिचं पुन्हा पाणी होईल, तेच बॉयलरात घाल. कपाशीची पऱ्हाटी जाळू नको, भुरकन संपते. अन् विमानाच्या फुग्यात पेटणारा वायू, खाली भट्टी? कलकत्त्याले संत्र्यांचा मुरब्बाच पोचेल. फुग्यातही वाफच भर, ते हवेपेक्षा हलकी असते. धर्मेंद्रले हे वाचून दाखव.

पाचवं प्रकरण मात्र फाडून टाक. बॉयलरातलं पाणी दाखवणारी काच रिकामी पाहून तुहा हिरो घाईनं आत पाणी सोडते अन् सगळ्यायले वाचवते. खोटं हाय. पाणी संपलं की बॉयलरचा पत्रा लाल होते. त्याच्यावर गार पाणी पडलं की एकदम वाफ होते अन् बॉयलर फुटते. आधी आग बाहेर ओढा लागते. हे मी पाह्यलं हाय. पुढं विचारू नको.

माया असू दे, मामा म्हातारा झाला.
सूर्यभान

अमरावती
२२ जून २०२५

ती. मामांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

नळ्या बसवल्या, मुरब्बा टळला. पाचवं प्रकरण फाडलं. पण मामा, मी आईला विचारलं. ती फक्त देवमन एवढंच म्हणाली. आता मी कादंबरीसाठी विचारत नाही. तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगा. काहीही असलं तरी मी तुमचीच आहे.

पत्राची वाट पाहते.
प्रणाली

अकोला
९ जुलै २०२५

चि. प्रणालीले जयभीम.

उशीर झाला, कारण आधी मोर्शीले जाऊन आलो.

देवमन गिरणीत माह्या हाताखाली कोळसा टाके. बॉयलरचं लायसन माह्यं होतं. २००३ साली एक दिवस त्याले बॉयलरवर ठेवून मी क्रिकेटची मॅच पाहाले गेलो. पाणी संपलं तर काय करा लागते, हे मी त्याले कधी शिकवलंच नव्हतं. त्यानं तुह्या हिरोनं केलं तेच केलं. जागीच गेला. चौकशीच्या कागदावर देवमनची चूक असं लिहिलं, अन् मी खाली मान घालून सही केली.

तुह्यं प्रकरण वाचल्यापासून मले जेवण गेलं नाई. मोर्शीत त्याची बायको भागीरथाबाई अन् पोरगी माया राहतात. मी सगळं सांगितलं. मी मोठ्यानं बोलतो, सारी गल्ली ऐकत होती. भागीरथाबाई काय म्हणाली ते मायानं मले वहीत लिहून दाखवलं. ते म्हणाली, बावीस वर्षं लोक मले म्हणतात तुह्या नवऱ्यानं गिरणी उडवली, तुमी हे कागदावर लिहून द्या. मी लिहून दिलं अन् सही केली. मायानं ते आईले दोनदा वाचून दाखवलं. माफ केलं असं कोणी म्हणलं नाई. मीही मागितलं नाई.

माया स्टँडवर सोडाले आली. तिचा बाप गेला तवा ते दोन वर्षांची होती. अकोल्याची गाडी लागली तवा तिनं वही काढून लिहिलं, बाबा हसायचे कसे?

मी खाली बसलो अन् सांगाले लागलो. ते गाडी गेली. तिच्यामागची दुसरीही गेली.

तब्येतीले जप, आईले जयभीम सांग.
तुहा मामा,
सूर्यभान