तांदळात लिहिलेलं नाव

पावस, जि. रत्नागिरी
१४ नोव्हेंबर १९८६

प्रिय राही,

दचकलीस ना? पाकिटावर दमयंतीच लिहिलंय, नाहीतर तुझ्या अमेरिकेतला पोस्टमन गोंधळायचा. आत मात्र राही. सासूचं डोकं ठिकाणावर आहे, काळजी करू नकोस.

तुझी तार काल दुपारी आली. धाकू पोस्टमन कुंपणाच्या गडग्यापासूनच ओरडत आला, "काकी, वयनीचा व्हिसा परत गावला!" म्हणजे मेल्याने तार आधीच वाचली होती. एरवी मी त्याला चांगला झाडला असता. काल त्याच्या पिशवीत दोन नारळ घातले.

तुझं ते मागचं पत्र मी हातातलं काम टाकून ओटीवरच वाचत बसले होते. पासपोर्ट दमयंती महिपत शिवलकरचा, बी.एस्सी.चं सर्टिफिकेट राही भिकाजी मायनाकचं. तिथल्या साहेबांना वाटलं, तू दुसऱ्याच बाईच्या मार्कांवर शिकायला गेलीस. व्हिसा रद्द. तीस दिवसांत अपील करून दोघी एकच आहेत हे पटवून द्यायचं, नाहीतर शिष्यवृत्ती सोडून परत. माशांच्या रोगांवरचा तुझा अभ्यास अर्ध्यावर टाकून! आणि चार पानांच्या त्या पत्रात मला दोष देणारा एक शब्द नव्हता. मी दोनदा शोधला.

साखरपुड्याच्या दिवशी तू हळूच विचारलं होतंस, नाव तेच ठेवलं तर चालेल का. मी म्हटलं, आमच्या घरात सुनेचं नाव बदलतात. विषय संपला. माझ्या सासूने माझं बदललं, मी तुझं बदललं. यात कोणाला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

महिपत बोटीवर, म्हणून तुझे बाबा लांज्याहून आले आणि आम्ही दोघं एस.टी.ने रत्नागिरीला गेलो. कचेरीबाहेर काशीराम टायपिस्ट बसतो, तो प्रतिज्ञापत्राचे कागद इंग्रजीत करून देतो. लग्नाची सरकारी नोंद आपण कुठे केली होती! तुझ्या बाबांनी लग्नपत्रिका काढली, तीत राही. मी आल्बम नेला होता. त्यात तो फोटो आहे बघ, ताटातल्या तांदळावर महिपत अंगठीने तुझं नवं नाव लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण दमयंती स्पष्ट वाचता येतं. शेजारी तू, मान खाली घालून. त्या फोटोवरून मी फोटोग्राफरला मांडवात फैलावर घेतलं होतं. माझ्या माहेरच्या माणसांचा फोटो काढायचा राहिला आणि हा तांदळाचे फोटो काढत बसला, म्हणून. आता तो भेटला तर त्याला घरी जेवायला बोलावणार आहे.

काशीरामने सगळं टाईप केलं आणि म्हणाला, "मावशी, सुनेचा नाव बदलायची घरात रीतच हाय, असा लिवूया. तुमचा माहेरचा नाव काय?" मी म्हटलं, "माज्या नावाचा काय काम?" तो मशीनवर बोटं ठेवून थांबलाच. राही, मला आठवेना असं नाही गं. तोंडातून निघेना. अडतीस वर्षं झाली. आईबाप गेले, भाऊ आक्का म्हणतो, सगळा गाव सावित्रीकाकी म्हणतो. ते नाव घेणारं कोणी उरलंच नव्हतं. शेवटी बोलले. काशीरामला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने बोलले. तुझे बाबा दुसरीकडे बघत राहिले, भला माणूस. मी पदराने डोळे पुसले आणि कागदावर सही केली.

तुझा व्हिसा माझ्यामुळे गेला होता, तो परत मिळाला, देव पावला. पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. तुझ्या त्या अपिलामुळे माझं नाव मला पुन्हा एकदा घेता आलं, त्याचे तुझे उपकार मानायचे होते, आणि ते तोंडाने मला कधी जमलं नसतं. तू परत आलीस की या घरात राहीच असशील, महिपतलाही तसं कळवते आहे. आणि आजूबाजूला कोणी नसेल तेव्हा मलाही एकदा नावाने हाक मार.

तुझीच,
हौसा