नेणाऱ्याची सही

प्रिय बाबा,

काल तुम्ही ताटावरून उठलात. "तीस वर्षं ऑफिसची पाकिटं पोचवली, एक उघडून पाहिलं नाही. आणि पोटची पोर हेर निघाली," म्हणालात.

बाबा, हेर गुपित एकालाच विकतो, नाव लपवून. मी सगळ्यांना सांगितलं, नाव देऊन. नळाच्या पाण्यात गटार मिसळतंय आणि तसं सांगणारा अहवाल आपल्या ऑफिसच्या साहेबांनी दडवलाय. उद्या माझी चौकशी आहे. नोकरी बहुधा जाईल.

पण वर्तमानपत्राला मी फक्त अहवाल दिला, त्याचं पाकीट नाही. त्यावर अहवाल साहेबांकडे नेणाऱ्याची सही आहे, तुमची. ते तुम्हाला कधीच कळू नये, म्हणून हे पत्रही त्याच पाकिटात ठेवतेय; पाकीट तुम्ही उघडणार नाही.

आज सकाळी तुम्ही माझ्या डब्याशेजारी उकळलेल्या पाण्याची बाटली ठेवलीत. तेवढं मला पुरे आहे.

तुम्ही चारचौघांत मिरवता ती,
तुमची ग्रॅज्युएट